सर्वांगाच्या दुखण्याचे निदान



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घालून दिली, तेव्हापासून या दिवसांत गावोगाव इतिहास, राजकारण, साहित्य अशा विषयांवर व्याख्याने होत आली आहेत. अशा व्यासपीठावर एखाद्या डॉक्टराने उभे राहून अंगदुखीवर तासभर बोलावे, हे काही श्रोत्यांस विचित्र वाटेल. परंतु या मालांचा मूळ हेतू लोकशिक्षण हा होता. आणि ज्या विषयातील अज्ञानामुळे घरोघर माणसे निष्कारण कष्टी होतात, तो विषय लोकशिक्षणाबाहेरचा आहे असे आम्हांस वाटत नाही. म्हणून आज अशा एका दुखण्याविषयी बोलण्याचे आम्ही ठरविले आहे, की जे डोळ्यांना दिसत नाही, यंत्रात उमटत नाही, आणि म्हणून पुष्कळदा खरेच मानले जात नाही.

प्रथम एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांच्या पट्ट्यातून एक बाई आमच्याकडे आल्या. वय चाळिशीच्या आतबाहेर. बरोबर यजमान, आणि यजमानांच्या हातात कापडदुकानाची एक फुगलेली पिशवी. पिशवीत एक्स-रेच्या फिल्मा, रक्ताच्या तपासण्यांचे कागद, शिरूरच्या, दौंडच्या, पुण्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. आम्ही नेहमीप्रमाणे विचारले, ''बाई, कुठे दुखते?'' त्या म्हणाल्या, ''कुठं दुखत नाही ते विचारा, डॉक्टर.'' यजमान लगेच म्हणाले, ''साहेब, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. हिच्यात काही निघतच नाही.'' बाईंनी मान खाली घातली. रिपोर्ट चांगले आले म्हणजे माणूस सुखावतो, असा आपला सर्वांचा अनुभव. या बाईंना मात्र त्या चांगल्या रिपोर्टांची लाज वाटत होती.

घोडनदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड, या दोन्ही तालुक्यांत कष्टाची कामे उदंड. कांद्याची काढणी, उसाची लागण आणि तोड, खुरपणी, धारा काढणे, शिवाय आता रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखान्यांतील रातपाळ्या. अशा ठिकाणी अंग दुखते म्हणून कोणी आले तर त्यात नवल ते काय, असे डॉक्टरांस वाटते आणि घरच्यांसही वाटते. पण कष्टाने आंबलेले अंग आणि आम्ही आज सांगत आहोत ते दुखणे यांत भेद आहे. आंबलेले अंग रात्रीच्या झोपेने मोकळे होते. या दुखण्यात माणूस झोपून उठतो तो रात्रभर मोट ओढल्यासारखा दमलेला उठतो. आंबलेले अंग दोन दिवसांच्या विसाव्याने बरे होते. हे दुखणे विसाव्याने जात नाही. ते महिनोमहिने, वर्षानुवर्षे राहते. कधी मान, कधी खांदे, कधी कंबर, कधी मांड्या. कधी ठणका, कधी आग, कधी चमक. कोणी हलकेच दंड धरला तरी कळ येते. त्याबरोबर थकवा असतो, डोके दुखते, पोट बिघडते, आणि विसर पडू लागतो. चुलीवर दूध ठेवून विसरणारी गृहिणी आणि मालाचा हिशेब दोनदा चुकविणारा कामगार, या दोघांनाही आपले डोके फिरले की काय अशी भीती वाटू लागते.

या दुखण्याला आज वैद्यकात फायब्रोमायाल्जिया असे नाव आहे. नाव अवघड असले तरी अर्थ साधा आहे: तंतू, स्नायू आणि वेदना या तीन शब्दांची ती जोड आहे. नाव नवे, पण दुखणे जुने. १९०४ साली लंडनचे प्रसिद्ध वैद्य विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवर व्याख्यान देताना 'फायब्रोसायटिस' हा शब्द योजिला. तंतूंना सूज येते म्हणून दुखते, अशी त्यांची कल्पना. पुढे पुष्कळांनी ती सूज शोधली, पण ती सापडली नाही. १९७०-८० या दशकात कॅनडातील टोरंटो येथे मोल्डोफ्स्की आणि स्माइथ या दोघांनी वेगळी वाट धरली. निरोगी तरुणांची गाढ झोप त्यांनी मुद्दाम मोडली, तेव्हा थोड्याच दिवसांत त्या धडधाकट मुलांची अंगे दुखू लागली आणि ठिकठिकाणी दाबल्यावर कळा येऊ लागल्या. याच दशकात, १९७६ साली, 'सूज' सुचविणारे जुने नाव टाकून 'वेदना' सांगणारे आजचे नाव पुढे आले. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांनी निदानाचा पहिला सर्वमान्य नियम ठरविला: तीन महिन्यांहून अधिक काळ शरीराच्या वरखाली, डावीउजवीकडे दुखणे, आणि अंगावरील ठराविक १८ बिंदूंपैकी निदान ११ बिंदू सुमारे चार किलो दाबाने दुखणे.

आता कोणी विचारील की, हे सगळे विलायतेतील झाले. आमच्या खेड्यांचे काय? त्याचे उत्तर आपल्या अगदी शेजारी आहे. दौंडहून सोलापूरच्या गाडीत बसले की भिगवण लागते. उजनीच्या पाण्यावर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी आज ते गाव ओळखले जाते. पण वैद्यकाच्या जगात त्याची ओळख दुसऱ्याच कारणाने आहे. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी, जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी आखलेल्या पद्धतीप्रमाणे, भिगवणात घरोघर जाऊन हाडासांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली. ४,०९२ प्रौढ माणसांना त्यांनी प्रश्न विचारले. त्यांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरांत अठरांना, असे दुखणे होते. त्यांत बायकांचा भरणा अधिक. सांधे वाकडे करणारा जो आमवात, ज्याची सर्वांना धास्ती, तो मात्र हजारात सुमारे पाच जणांनाच होता. म्हणजे बहुतेकांचे दुखणे त्या भयंकर रोगाचे नव्हते. सांध्यांची झीज, स्नायू आणि स्नायुबंधांची दुखणी, आणि कोणत्याही ठराविक रोगाच्या चौकटीत न बसणारी अंगदुखी, यांचाच वाटा मोठा होता. पाहणीचा एक धडा आम्ही फार मोलाचा मानतो. दवाखान्यात बसून जे दिसत नाही ते उंबरठ्यावर जाऊन विचारले म्हणजे दिसते. माणसे दुखणे सांगत नाहीत, कारण कोणी विचारीत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ज्याला यंत्राची साक्ष नाही त्या दुखण्याचे निदान करावयाचे कसे? आपल्याकडे वैद्यक शिकणारे विद्यार्थी माधवनिदान वाचीत आले. त्या परंपरेत रोगाची कारणे, आधीची चिन्हे, प्रकट लक्षणे, कशाने उतार पडतो आणि रोग कसा घडत गेला, अशा पाच अंगांनी विचार करण्याची रीत आहे. रक्त काढण्याची सोय नव्हती त्या काळी वैद्याचे मोठे साधन रोग्याचे सांगणे हेच होते. गंमत अशी की, या दुखण्यापुरते आजचे शास्त्रही फिरून त्याच जागी आले आहे. १८ बिंदू दाबण्याची रीत अनेक डॉक्टरांना साधत नसे. शिवाय दुखणे आज इथे तर उद्या तिथे असल्यामुळे तीच व्यक्ती एके दिवशी नियमात बसे आणि दुसऱ्या दिवशी बसत नसे. म्हणून २०१० साली नवा नियम आला आणि २०१६ साली तो सुधारला गेला. त्यात बोटाने दाबण्यापेक्षा कानाने ऐकण्याला अधिक महत्त्व आहे.

नियम असा आहे. शरीराचे १९ भाग कल्पिलेले आहेत: दोन्ही खांदे, दंड, हात, नितंब, मांड्या, पोटऱ्या आणि जबड्याच्या बाजू हे चौदा, आणि मान, छाती, पोट, पाठीचा वरचा भाग आणि कंबर हे पाच. गेल्या आठवड्यात यांपैकी किती भाग दुखले ते मोजावयाचे. मग थकवा, झोपेने न येणारी तरतरी आणि विसराळूपणा या तिन्हींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण द्यावयाचे. आणि गेल्या सहा महिन्यांतील डोकेदुखी, ओटीपोटातील कळा आणि मनाची उदासी यांना प्रत्येकी एक. असे हे बारा गुण. दुखरे भाग सात किंवा अधिक आणि गुण पाच किंवा अधिक. अथवा भाग चार ते सहा, पण गुण नऊ किंवा अधिक. आणि हे सारे निदान तीन महिने चाललेले, व शरीराच्या पाचपैकी चार विभागांत पसरलेले. एवढे जुळले म्हणजे निदान पक्के धरावे. दुसरा एखादा रोग असला म्हणून हे निदान रद्द होत नाही, असेही २०१६ च्या नियमाने स्पष्ट केले आहे. कारण आमवात असलेल्या माणसाला हे दुखणेही जडू शकते.

पण नियम पाठ असणे म्हणजे निदान येणे नव्हे. सर्व अंग दुखविणारे दुसरे रोगही आहेत आणि त्यांची आठवण ठेवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य. थायरॉईड मंदावली की अंग जड होऊन दुखते. उन्हाचा देश असूनही आपल्याकडे 'ड' जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ आढळते आणि तीत हाडे दुखतात. ज्याची कंबर पहाटे आखडते आणि चालल्याफिरल्यावर मोकळी होते, अशा तरुणाला मणक्याचा वात असू शकतो. सांध्यावर सूज दिसली आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून अधिक टिकला, तर आमवाताचा शोध घ्यावा. महाराष्ट्रात २००६ साली चिकुनगुन्याची जी मोठी साथ आली, तिच्यानंतर कितीतरी लोकांचे सांधे महिनोमहिने दुखत राहिले. ज्या भागात घरोघर गाई आहेत तेथे कच्च्या दुधातून होणाऱ्या ब्रुसेला तापाचाही विचार करावा लागतो. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, ताप, घटणारे वजन, रात्री झोपेतून उठविणारी एकाच जागेची कळ, हातापायांतील शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ही लक्षणे असतील तर स्वस्थ बसू नये. यासाठी नीट तपासणी आणि मोजक्या चाचण्या पुरतात: रक्ताचे साधे मापन, सूज दाखविणाऱ्या चाचण्या, थायरॉईड, साखर, आणि गरजेप्रमाणे जीवनसत्त्वे. पिशवीभर फिल्मा लागत नाहीत.

चाचण्या स्वच्छ येतात, मग दुखते का? दौंडच्या मंडळींना हे सांगणे सोपे आहे. रुळावर गाडी नसतानाही सिग्नल लाल राहतो, तेव्हा दोष रुळात नसतो, सिग्नलच्या यंत्रणेत असतो. आणि रुळाचे कितीही फोटो काढले तरी त्यांत तो दिसत नाही. पण अडकलेली गाडी खरीच अडकलेली असते. या रोग्यांच्या मज्जासंस्थेचे तसेच झालेले असते. २००२ साली अमेरिकेतील संशोधकांनी मेंदूची चित्रे घेऊन दाखविले की, निरोगी माणसाला जेवढा दाब नुसता जाणवतो, तेवढ्याच दाबाने या रोग्यांच्या मेंदूतील वेदनेची केंद्रे जागी होतात. वेदनेचा निरोप वाहून नेणारे एक द्रव्य यांच्या मणक्यातील पाण्यात इतरांच्या सुमारे तिप्पट असते, हेही १९९४ साली दिसून आले. तेव्हा हे नाटक नव्हे आणि कल्पनाही नव्हे. मन आणि शरीर यांच्यामधली भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही, एवढेच.

आता आमच्या दोन चुका सांगतो. आपल्या चुका झाकून दुसऱ्यास शहाणपण सांगणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

पहिली चूक त्या पिशवीवाल्या बाईंच्या बाबतीतली. पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावीत असता तळाशी एक पिवळी पडलेली चिठ्ठी निघाली. अक्षर आमचेच! सहा वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे येऊन गेल्या होत्या आणि आम्ही 'विशेष काही नाही, मन रमवावे' असे लिहून एक शक्तीचे औषध देऊन त्यांची बोळवण केली होती. त्यांनी आम्हांस तसे बोलून दाखविले नव्हते. मधल्या सहा वर्षांत त्यांनी आठवड्याला सलाईन लावून घेतले, कोणा फिरत्या वैदूची पांढरी पूड खाल्ली, तिने चार महिने बरे वाटले आणि मग तोंड सुजून रक्तातील साखर चढली. ती पूड स्टेरॉइडची असावी. आमच्या दोन शब्दांची किंमत त्यांनी अशी मोजली.

दुसरी चूक याच्या उलट. हे निदान शिकल्यावर आम्हांस ते जिकडेतिकडे दिसू लागले. शिरूरकडचा एक तरुण सर्वांग दुखते, झोप नाही, थकवा आहे म्हणून आला. आम्ही नियम लावला, गुण मोजले आणि मोकळे झालो. दीड महिन्याने त्याची आई म्हणाली, ''डॉक्टर, पोराला संध्याकाळी कणकण असते, आणि पँट कमरेला राहत नाही.'' त्याच्या मणक्याला क्षय झाला होता. उपचाराने तो बरा झाला, ही त्याच्या आईची पुण्याई. आम्ही गुण मोजले, पण वजन मोजले नव्हते. तात्पर्य, निदान न करणे हा जसा अपराध, तसेच निदान करून डोळे मिटणे हाही अपराध. दर भेटीला रोग्याकडे पुन्हा नव्या नजरेने पाहिले पाहिजे.

उपचाराविषयी थोडे सांगून संपवितो. या दुखण्याला एकच रामबाण औषध नाही, आणि जो तसे सांगेल त्याच्यापासून दूर राहावे. स्टेरॉइडचा यात उपयोग नाही. मात्र जे ती पूड किंवा गोळी दीर्घकाळ घेत आले असतील त्यांनी ती एकाएकी बंद न करता डॉक्टरच्या देखरेखीने कमी करावी, नाहीतर जिवावर बेतते. सलाईनने वेदना जात नाही, पैसे जातात. २०१७ साली युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने सगळे उपचार पारखले, तेव्हा निःशंक शिफारस एकाच गोष्टीला मिळाली, आणि ती म्हणजे व्यायाम. ''शेतात राबते ती, आणखी कसला व्यायाम?'' असे घरचे विचारतात. राबणे आणि व्यायाम एक नव्हेत. राबताना शरीर कामाच्या चालीने चालते. व्यायामात ते आपल्या बेताने चालते. दहा मिनिटे सावकाश चालण्यापासून आरंभ करावा आणि आठवड्या-आठवड्याने वाढवावे. झोपेची वेळ ठरवावी. जरूर पडल्यास अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन, प्रीगॅबालिन यांसारखी औषधे डॉक्टर देतात. ती काहींना उपयोगी पडतात, सर्वांना नाही. आणि उदासी असेल तर तिचाही उपचार करावा. त्यात कमीपणा नाही.

पण या सर्वांच्या आधीचे औषध घरातले आहे आणि त्यासाठी आम्ही आज या व्यासपीठावर आलो. ते औषध म्हणजे विश्वास. सून 'अंग दुखते' म्हणाली की सासूबाई म्हणतात, ''आम्ही काय कामं केली नाहीत?'' नवरा म्हणतो, ''रिपोर्टात काही नाही.'' डॉक्टर म्हणतात, ''मनावर घेऊ नका.'' तिघेही दुष्ट नसतात. पण तिघांचे बोलणे मिळून त्या बाईला खोटी ठरवितात, आणि खोटे ठरविल्याचे दुःख मूळ दुखण्यात मिळते. पुरुषांचीही गत निराळी नाही. त्यांना तर 'दुखते' म्हणण्याचीही सोय नसते.

त्या बाईंना आम्ही दुखण्याचे नाव सांगितले, सिग्नलची गोष्ट सांगितली आणि आमच्या जुन्या चिठ्ठीबद्दल क्षमा मागितली. त्या रडल्या. मग यजमानांकडे वळून म्हणाल्या, ''ऐकलंत? नाव आहे त्याला.'' यजमान बराच वेळ गप्प बसले, आणि निघताना ती पिशवी त्यांनी आमच्याच टेबलाखाली ठेवली. म्हणाले, ''आता ही काय करायची?'' आम्ही कामाचे चार कागद काढून त्यांना दिले. आज त्या बाईंचे दुखणे गेले आहे काय? नाही. पण पहाटे कालव्याच्या कडेने त्या शेजारणीबरोबर अर्धा तास चालतात, रात्री झोपतात, महिन्यातले चारदोन दिवस वाईट जातात ते सोसतात. सलाईन बंद झाले आहे. आणि त्या वाईट दिवसांत चहा यजमान करतात.

आपल्या भाषेत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक रोग ओळखणे, आणि दुसरा 'कमीत कमी'. पहिले निदान डॉक्टरांचे काम आहे आणि ते त्यांनी सावधपणे करावे. दुसरे आपणा सर्वांच्या हातचे आहे. घरातले कोणी दुखते म्हणाले तर निदान ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.